भात ठेवणारं घर

सिस्टरबाई कोणाकडे कुत्रं द्यायला गेल्या, की दारात उभ्या राहून आधी पाणी मागायच्या. तहान असो वा नसो. एका हातात दोरी, दोरीला बसलेलं कुत्रं, दुसऱ्या हातात जुनी काळी पर्स आणि अगदी साधा आवाज, "पाणी मिळन का जी थोडं?" पाणी येईपर्यंत त्यांची नजर दारावरून हलायची नाही. गिलास कुठून काढला, धुऊन आणला की तसाच, हातात दिला की ओट्यावर ठेवून माणूस मागे सरकला, हे सगळं त्या बघून घ्यायच्या. मग पाणी पिऊन ठरवायच्या, कुत्रं इथं ठेवायचं की परत न्यायचं. आपली परीक्षा झाली हे समोरच्याला कधी कळायचं नाही.

मलाही पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. एकदा मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन एका मोठ्या कास्तकाराकडे गेलो होतो. दोन मजली घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात म्हशी. धानात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांना जागतं कुत्रं हवं होतं. घरातली बाई तांब्या घेऊन आली आणि वरूनच पाणी ओतू लागली. सिस्टरबाईंनी ओंजळ धरली, पोटभर प्यायल्या, पदराला हात पुसले, "गोड आहे जी तुमच्या विहिरीचं पाणी," म्हणाल्या आणि कुत्रं उचलून परत माझ्या गाडीवर येऊन बसल्या. वाटेत मी चिडलो. "काय कमी होतं त्या घरी? दूधभात भेटला असता त्याले."

"भेटला असता," त्या म्हणाल्या. "पण भाऊ, एक घर असते भात फेकणारं अन् एक असते भात ठेवणारं. मले ठेवणारं पायजे."

सिस्टरबाई आमच्या गावच्या बौद्ध टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या. त्या बाईला हे ठाऊक होतं. तांब्या वरून का ओतला गेला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. सिस्टरबाईंनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर आहे, मलमपट्टी करणारा. आंधळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लहानसं गाव, आणि गावाच्या टोकाला दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टरसाहेबांकडे आणखीही दवाखान्यांचा भार असल्यामुळे बहुतेक दिवस तिथं मी एकटाच असतो. एका सकाळी साठीची एक बाई सायकल हाती धरून आली. कॅरिअरवर टोपलं बांधलेलं, टोपल्यावर ओलं पोतं. पोतं काढलं तर आत एक कुत्री. मानेला मूठभर जखम, आणि जखमेत किडे वळवळत होते. मी म्हणालो, "बाई, इथं गाई-म्हशी पाहतो आम्ही."

"गाईचे किडे अन् कुत्र्याचे किडे वेगळे असतात का जी?"

मी हातमोजे घातले. त्यांनी चिंधीनं कुत्रीचं तोंड बांधलं, तिचे पाय आपल्या गुडघ्याखाली धरले आणि म्हणाल्या, "आता काढा." चिमट्यानं एकेक किडा काढताना मी दोन-तीनदा तोंड फिरवलं. त्यांनी एकदाही नाही. झाल्यावर त्यांनी साबण मागितला आणि कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा घासली. तेव्हाच मला वाटलं, ही बाई दवाखान्यातली असावी.

ती तशीच होती. वच्छलाबाई, पण गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणायचं. सगळी नोकरी त्यांनी उपकेंद्रांत नर्स म्हणून काढली होती. मोहाडी तालुक्यातली कितीतरी गावं त्यांनी आधी पायी आणि मग सायकलनं तुडवली होती. आज बाप झालेल्या कित्येकांच्या दंडावर त्यांच्या सुईची खूण होती. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. थोड्याच दिवसांपूर्वी निवृत्त होऊन त्या आपल्या माहेरच्या घरी, आमच्या गावी येऊन राहिल्या होत्या. घरामागे बोरी-बाभळीचं कुंपण घातलेलं मोठं अंगण होतं. त्या अंगणात कधी आठ, कधी बारा कुत्री असत. रस्त्यावर गाडीखाली सापडलेली, कोणी पोत्यात बांधून नाल्यात सोडलेली, खरूज होऊन चामडी लोंबणारी.

"मले कुत्र्याची आवड नाही हो," त्या सांगायच्या. ते खरंच होतं. त्या कुत्र्यांना कुरवाळत नसत, मांडीवर घेत नसत. हात लावला की साबण. "लोक म्हणतेत, सिस्टरले लळा आहे. लळा असता तं एक पाळलं असतं. अंगणात बारा कायले बांधले असते?"

मग हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांनी हातातली पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "नोकरीत असताना एक लेकरू गेलं माझ्या भागातलं. कुत्रं चावलं तं घरच्यांनी वैदूकडून झाडपाला बांधला. मले महिन्यानं समजलं. मी गेली तं ते खाटेवर होतं. त्याच्या मायनं पाण्याचा गिलास समोर केला, अन् लेकरू असं भेलं, असं भेलं... पाण्याले, भाऊ. मी सुईवाली बाई. पिशवीत साऱ्या गावाच्या सुया. अन् मले त्याले देण्यासारखं काहीच नोहोतं." त्यांनी पर्स उचलली. "ज्या कुत्र्याले घर असते, त्याले धरून सुई टोचता येते. बेवारशी कुत्र्याले कोण धरन? म्हणून घर पायजे. त्याले बी अन् आपल्याले बी."

त्यांची पद्धत ठरलेली होती. कुत्रं आणायचं, जखम भरायची, मला बोलावून रेबीजची लस टोचून घ्यायची, मोठं असेल तर भंडाऱ्याला नेऊन नसबंदी करून आणायची. मग घर शोधायचं. नाव मात्र त्या कोणालाच ठेवत नसत. सगळ्यांना एकच हाक, 'बाबू'. कुत्रीलाही बाबूच. "बाळंतीण होते त्या घरी नर्स नाव ठेवते का? नाव ठेवणं त्या घरचं काम." कुत्रं दिल्यावर महिन्यानं त्या पुन्हा एक फेरी मारायच्या. जसं बाळाचं वजन करायला जात, तसंच. बरगड्या चाचपायच्या, कान उलटून बघायच्या, आणि त्याचं नाव काय ठेवलं ते विचारायच्या. नाव ठेवलेलं नसलं तर त्यांच्या कपाळावर आठी यायची.

करडी गावच्या सीतारामजींचं घर मला आठवतं. बायको गेल्यापासून म्हातारा घरात कोणाशी बोलेनासा झाला होता. सुनेनं सिस्टरबाईंना निरोप पाठवला, राखणीला एक कुत्रं द्या म्हणून. त्या तीन पायांचं, लंगडत चालणारं एक पिवळं कुत्रं घेऊन गेल्या. सून नाराज झाली. "हे काय राखण करन?" सिस्टरबाई म्हणाल्या, "महिनाभर ठेव. नाही जमलं तं मी नेतो." महिन्यानं गेलो तेव्हा सून हसत बाहेर आली. "आता दिवसभर बोलते बुढा. आमच्याशी नाही, त्याच्याशी. आधी त्याले शिव्या देत होता, आता मांडवाखाली बसून सारी खबर सांगते."

"चालते," सिस्टरबाई म्हणाल्या. "घरात आवाज पायजे."

अशी पन्नासेक घरं तरी त्यांनी लावली असतील. वीटभट्टीवर, राइस मिलमध्ये, वावरातल्या झोपडीत. आमच्या घराला मात्र त्यांनी कधी कुत्रं दिलं नाही. मी एकदा मागितलं होतं. "पाहू मंग," म्हणाल्या आणि ते 'मंग' कधी आलं नाही. पुढे मला आठवलं, की ओळख झाल्यावर त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हाही त्यांनी पाणी मागितलं होतं. माझ्या आईनं ते दिलंही होतं. कोणत्या गिलासात दिलं, आणि तो गिलास नंतर कुठे ठेवला गेला, हे मी त्या दिवशी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं असणार. तरीही त्या माझ्याशी कधी वाकड्या बोलल्या नाहीत. पुढे माझ्या हातून जे झालं, ते सांगताना हेही सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

रोवणीचे, म्हणजे धान लावायचे, दिवस होते. सगळं गाव बांध्यांमध्ये चिखलात उतरलेलं. शालिक नावाचा माझ्याच मोहल्ल्यातला शेतकरी, त्याची सहा वर्षांची पोरगी प्राची धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या वरंब्यावर, बसली होती. कुठून तरी एक लाळ गाळणारं भटकं कुत्रं आलं आणि त्यानं तिच्या दंडाचा लचका तोडला. लोकांनी काठ्यांनी त्या कुत्र्याला तिथंच मारलं. मी जाऊन पाहिलं. काळं, बारीक, बाहेरगावचं कुत्रं. सिस्टरबाईंच्या अंगणात तसलं एकही नव्हतं.

घरच्यांनी पोरीला आधी वैदूकडे नेलं. सिस्टरबाईंना कळलं तेव्हा त्या पायात चपला न घालता शालिकच्या घरी पोचल्या. मीही तिथं होतो. वैदूनं जखमेवर पाला बांधला होता. सिस्टरबाईंनी कोणाला न विचारता तो सोडला, नळाखाली साबणानं जखम धूत बसल्या. पोरगी किंचाळत होती. शालिक ओरडला, "सिस्टर, पाला काहून काढला? वैदूनं सांगतलं, आता काही होत नाही."

"शालिक, तू पोटात असताना तुह्या मायले सुया मी देल्या आहेत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "गाडी काढ. भंडाऱ्याले जाचं आहे. आत्ता."

शालिक गाडी काढेना. शेवटी त्या स्वतःच पोरीला घेऊन बसनं भंडाऱ्याला गेल्या. पहिली सुई आणि जखमेतलं औषध त्याच दिवशी झालं. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी न्यायचं होतं. तारखा त्यांनी प्राचीच्या आईला कागदावर लिहून दिल्या.

तोवर गावात भलतंच सुरू झालं होतं. पोरीच्या दंडाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला आणि त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'सिस्टरचे कुत्रे.' मारलेलं कुत्रं सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी संध्याकाळपर्यंत ते सिस्टरबाईंचंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात माणसं जमली आणि सिस्टरबाईंना बोलावलं. त्या आल्या, पर्समधून लसीचे कागद काढले. "माझ्या दारचे सारे टोचलेले आहेत. हे पाहा." कागद कोणी हातात घेतला नाही. मग एक जण माझ्याकडे वळला. "खेमराज, तू दवाखान्यातला. तू सांग. भरोसा आहे का या कुत्र्यांचा?"

त्यातल्या प्रत्येकाला मी माझ्या हातानं टोचलं होतं. कागदांवर सही डॉक्टरसाहेबांची, पण अक्षर माझं होतं. एवढंच सांगायचं होतं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, त्यात माझे दोन चुलते होते. मी म्हणालो, "जनावर आहे. जनावराचा कोण भरोसा देईन?"

सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पेशंटकडे पाहावं तसं. मग गावाला म्हणाल्या, "आठ दिवस द्या. घरं पाहतो अन् सारे हलवतो. पण आधी पोट्टीच्या सुया." लोक कुरकुरत पांगले.

त्याच दुपारी शालिक दवाखान्यात आला. त्याचे डोळे लाल होते. इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता दाराशी थांबून म्हणाला, "धानावर टाकाचं औषध जनावराच्या पोटात गेलं, तं वाचते का?"

"लवकर नाही आणलं तं नाही वाचत," मी म्हणालो.

"बरं," म्हणून तो गेला.

मला समजलं होतं. त्याच्याकडे आजारी जनावर नव्हतं, हे मला माहीत होतं. सिस्टरबाईंचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. रागात माणूस काहीबाही बोलतो, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं, की माझीही लेकरं त्याच रस्त्यानं शाळेत जातात. नसली कुत्री, तर बरंच. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आज लिहितो आहे.

तिसऱ्या दिवशी सिस्टरबाई सकाळच्या बसनं प्राचीला घेऊन भंडाऱ्याला गेल्या. गाव रोवणीला गेलेलं, गल्ल्या रिकाम्या. दुपारी बाराच्या सुमाराला टोलीतली एक म्हातारी दवाखान्यात धापा टाकत आली. "भाऊ, सिस्टरचे कुत्रे कसे तरी करून राहिले."

मी पेटी घेऊन धावलो. अंगणात भाताचे गोळे पडले होते. कुंपणावरून फेकलेले. अकरा कुत्री होती. काही आधीच ताठ झाली होती, काही पाय झाडत होती, तोंडाला फेस. विषावरचं इंजेक्शन दवाखान्यात होतं, पण मोजकंच होतं. कोणाला द्यायचं आणि कोणाला सोडायचं, हे मला ठरवावं लागलं. घाईत एक कुपी हातातून पडून फुटली. दोन तासांनी तीन जगली. आठ गेली.

सिस्टरबाई दुपारच्या बसनं आल्या. मी अंगणाच्या फाटकात उभा होतो. समोरच्या रस्त्यानं त्या येताना दिसल्या, खांद्यावर झोपलेली प्राची. त्यांना फाटक दिसत होतं, मी दिसत होतो, माझ्या कपड्यांवरचा फेस आणि चिखलही दिसला असेल. त्या थांबल्या नाहीत. आधी शालिकच्या घरी गेल्या, पोरीला आईच्या हातात दिलं, सातव्या दिवशीची तारीख पुन्हा समजावून सांगितली, आणि मग परत फिरून अंगणात आल्या.

"कोणते राहिले?" त्यांनी विचारलं.

मी तीन दाखवली. त्या मातीत बसल्या आणि पदर ओला करून त्यांची तोंडं पुसू लागल्या. मग उठून मेलेल्यांचीही पुसली. रडल्या नाहीत. मला वाटतं, त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी अंगणाच्या मागल्या बाजूला खड्डा खणला. गावच्या जागेत पुरू देणार नाही, असा निरोप आला होता. पावसानं माती मऊ होती, काम लवकर होत होतं. अर्धा खड्डा झाल्यावर मला राहवलं नाही. मी फावडं टेकवलं आणि सांगितलं. शालिक आला होता, त्यानं असं विचारलं होतं, मी असं उत्तर दिलं, मला समजलं होतं आणि मी फोन केला नाही.

त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. मी म्हणालो, "तक्रार करा. मी पोलिसात सांगतो, जे झालं ते."

"मी कालच इचार केला. शालिकले आत टाकतीन," त्या म्हणाल्या. "मंग पोट्टीले माझ्यासंग कोण पाठवन?"

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं, त्यानंच..."

"बसमधी समजलं. पोट्टी खिडकीत बसली होती. मले म्हणते, सिस्टर, बाबानं सांगतलं, आज तुमच्या घरी कुत्रे नाही राहणार, आता मले भेव नाही." त्यांनी हातातली माती झटकली. "तवा बस मोहाडीच्या अलीकडे होती. उतरून पळू का, असं वाटलं. पळून काय करतो? मांडीवर लेकरू."

मी त्यांची माफी मागितली. रडलोही असेन. त्यांनी ऐकून घेतलं.

"भाऊ, माफी मले देता येत नाही. येत असती तं देली असती," त्या म्हणाल्या. "मले काम सांगता येते. दोन सुया बाकी आहेत. पावसात बस चुकते. तुमच्याजवळ गाडी आहे."

सातव्या दिवशी आणि मग अठ्ठाविसाव्या दिवशी मी त्या दोघींना मोटारसायकलवर भंडाऱ्याला नेलं. मधे प्राची, मागे सिस्टरबाई. आम्ही न्यायला गेलो की शालिक घरात नसायचा. त्याची बायको डब्यात भात-भाजी बांधून द्यायची आणि सिस्टरबाईंच्या पायांकडे बघत उभी राहायची. तिलाही माहीत होतं. शेवटच्या सुईच्या दिवशी शालिक मात्र दारात होता. "मी नेतो आज," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. सिस्टरबाई म्हणाल्या, "ये ना. तू बी चाल." तो दोन पावलं पुढे आला, थांबला आणि वावराच्या वाटेनं निघून गेला. प्राची वाचली. दंडावर खड्डा राहिला, पण ती वाचली.

उरलेल्या तिघांना सिस्टरबाईंनी गावात ठेवलं नाही. दोन दूरच्या वीटभट्ट्यांवर दिली. तिसऱ्या कुत्रीला विषानं कायमचा कंप लागला होता. उभी राहिली की मागचे पाय थरथरायचे. तिला घेऊन आम्ही पवनी तालुक्यात आसगावला गेलो. तिथं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली एक म्हातारी एकटी राहत होती, सिस्टरबाईंची जुनी ओळखीची. मी म्हणालो, "आजी, हिले असं होते. कापते." म्हातारीनं आपला उजवा हात पुढे केला. तोही थरथरत होता. "माझा बी कापते बापा," ती म्हणाली. "दोघी कापत बसू." तिनं आपल्या ताटातला भात वाटीत काढला आणि वाटी कुत्रीसमोर ठेवली. त्या दिवसांत सिस्टरबाईंना मी एकदाच हसताना पाहिलं, ते तिथं.

त्यानंतर त्यांनी एकही कुत्रं आणलं नाही. मी पुष्कळदा म्हणालो. त्या म्हणायच्या, "माझ्या दारी आणलं म्हणून ते मेले. रस्त्यावर असते तं अर्धे जगले असते. मी घर लावतो म्हणून आणलं, अन् एका ठिकाणी बांधून ठेवले मारणाऱ्यासाठी." मी म्हणायचो, तसं नाही. त्या म्हणायच्या, "तसंच आहे. माझं चुकलं ते मले सांगू द्या." लोक अजूनही त्यांच्या फाटकाशी पिल्लं सोडून जायचे. त्या पिल्लू टोपल्यात घालून माझ्याकडे आणायच्या, ओट्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही पाहा." मी पाहायचो. काहींना घरं मिळाली, काही मेली. त्यांच्यासारखी नजर मला नव्हती. अंगणात पुढे गवत माजलं. त्या तिकडचं दार उघडत नसत.

दोन वर्षांनी, धानाची मळणी चालू असताना, सिस्टरबाई गेल्या. सकाळी शेजारणीनं हाक मारली तर उठल्या नव्हत्या. काही दिवसांनी बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी गेलो. लांबलांबच्या गावांहून माणसं आली होती, त्यातली निम्मी मी कुत्र्यांमुळे ओळखत होतो. सीतारामजींची सून होती. वीटभट्टीचा मुकादम होता. वंदना झाली, कोणी कोणी दोन शब्द बोललं. मला बोलायला सांगितलं, तर मी उठून चहाचे कप मांडू लागलो.

चहा सुरू झाला तेव्हा फाटकाबाहेर शालिक दिसला. सोबत प्राची, शाळेच्या कपड्यांत. तो आत येईना. सिस्टरबाईंचा धाकटा भाऊ स्वतः बाहेर गेला आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला. शालिकनं तो घेतला, पण प्यायला नाही. मी जवळ गेलो तसा त्यानं मला बाजूला ओढलं. पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यानं विचारलं, "खेमराज, खरं सांग. सिस्टरले मालूम होतं का, की मी..."

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला ते हवं होतं, आणि सिस्टरबाईही आता नव्हत्या. पण एकदा चौकात आणि एकदा दवाखान्यात मी सोपं तेच केलं होतं.

"होतं," मी म्हणालो.

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून."

"पोट्टी घरी आणून देली, तवा?"

"तवा बी."

"अन् तरी त्याच्यामागून दोनदा नेलं तिनं?"

"हो."

शालिक विहाराच्या फाटकाच्या पायरीवर बसला. कप कलला आणि चहा त्याच्या पँटवर सांडला, ते त्याला कळलं नाही. प्राची त्याचा हात ओढत म्हणत होती, "बाबा, चला ना, शाळेची वेळ झाली." तो उठत नव्हता.